मशीनवर घेण्याआधीचा अर्धा तास

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचं पॅकेज आहे. डायलिसिस करायचं की नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना समजावून सांगायला जो अर्धा-पाऊण तास लागतो, त्याचं पॅकेज नाही. देगलूरमध्ये जनरल प्रॅक्टिस करता करता माझे केस पांढरे झाले. तो अर्धा तास न मिळाल्यामुळे घराघरांत काय होतं, ते मी पाहत आलो आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमक्ष.

योजनेचं ऋण आधी मानतो. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा नांदेड जिल्हा होता. त्याआधी किडनी फेल झाली म्हटलं की एक तर वावर विकायचं, नाहीतर माणूस घरी आणून ठेवायचा. पुढे पिवळ्या-केशरी कार्डावर डायलिसिस होऊ लागलं, २०१६ मध्ये केंद्राचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, आणि आमच्या भागातली कितीतरी माणसं आज त्या आधारावर जगत आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. शुगर आहे, बायपास झालेली आहे, आणि तरी गेली काही वर्षं त्या ठरल्या वारी मोबाईलवर कीर्तन ऐकत डायलिसिसला जातात, येताना भाजी घेऊन येतात, नातवाचा अभ्यास घेतात. डायलिसिसने त्यांना हे सगळं दिलं. ते कुणी हिरावून घ्यावं, असं मी कधीही म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट केलेली बरी. शेतात घोणस चावलेला पोरगा, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेला ऊसतोड मजूर, बाळंतपणात रक्त गेलेली बाई, यांच्या किडन्या एकाएकी बंद पडतात आणि पुष्कळदा पुन्हा चालू होतात. तिथे विचार करत बसायचं नसतं, मिळेल त्या गाडीने मशीनपर्यंत पोचवायचं असतं. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही.

मी बोलतोय ते सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, वीस-वीस वर्षांची शुगर असलेल्या माणसांबद्दल, ज्यांच्या हार्टचं पंपिंग तिशीवर आलंय, किंवा अर्धं अंग लकव्याने गेलंय, किंवा कॅन्सर पसरलाय, किंवा ज्यांना आता पोटची पोरंही ओळखू येत नाहीत, आणि या सगळ्यावर ज्यांच्या किडन्या हळूहळू संपल्या आहेत. किडनीचं काम मशीन करू शकते. बाकीच्या दुखण्यांना ती हात लावत नाही.

या माणसांचं डायलिसिस ठरतं कसं? खरं सांगायचं तर ठरत नाही, होऊन जातं. रात्री दम वाढतो, पायावरची सूज मांडीपर्यंत चढलेली असते. गाडी करून नरसी, नायगाववरून नांदेड गाठायचं, ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पोचेपर्यंत ऑक्सिजन उतरलेला. मानेत नळी टाकतात, मशीनवर घेतात, पाणी निघतं, दम बसतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि पडणारच. पण ज्या कागदावर अंगठा घेतला जातो तो इंग्रजीत नाहीतर छापील मराठीत असतो, आणि अंगठा देणारा घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असतो. महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या तिठ्यावरचं गाव आमचं. सुटी होते तेव्हा कार्डावर लिहिलेलं असतं, ‘आठवड्यातून दोनदा’. खरं तर तीनदा हवं असतं. अंतर, भाडं आणि मशीनवरची रांग यांमुळे दोनदावर भागवलं जातं. हे दोनदा कधीपर्यंत, याचं उत्तर ‘जन्मभर’ आहे, ही गोष्ट पुष्कळ घरांना महिना-दोन महिन्यांनी उमगते. तोवर फिस्टुलाच्या, म्हणजे मशीनसाठी हातावरची शीर तयार करायच्या ऑपरेशनची तारीख आलेली असते, सोयाबीनचे पैसे गाडीभाड्यात गेलेले असतात, आणि आता मागे फिरायचं म्हणजे बापाला आपल्या हाताने मारायचं, असं पोरांना वाटू लागलेलं असतं.

आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात एका आजोबांना बघायला गेलो होतो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. शुगर जुनी, उजवं अंग लकव्याने गेलेलं, हार्ट कमजोर, क्रिएटिनिन आठच्या वर. ओसरीत बाजेवर, पाठीशी दोन उशा घेऊन बसलेले. आडवं झालं की दम लागायचा. थोरला मुलगा शेती बघणारा, धाकटा हैदराबादहून आलेला. तपासण्या झालेल्या, फाइल तयार, आरोग्यमित्राकडे कागद दिलेले, दुसऱ्या दिवशी पहाटेची जीप ठरलेली. मला बोलावलं होतं ते वाटेत काही होऊ नये म्हणून एक इंजेक्शन द्यायला. ते देऊन झालं. आजोबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि विचारलं, “डाक्टर, मशीन लावल्यावर ह्यो हात चालंल का?”

मी मुलांकडे पाहिलं. दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते. एवढ्या तपासण्या झाल्या, एवढ्या सह्या झाल्या, आणि मशीनने लकवा बरा होत नाही हे त्या घराला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी मुद्दाम लपवलं असं मला वाटत नाही. जिथे एका डॉक्टरच्या दारात सकाळपासून शंभर माणसं उभी असतात, तिथे हे सांगायचं काम कुणाचं, हेच ठरलेलं नसतं.

मग आम्ही बसलो. मी सांगितलं की मशीनने दम कमी होईल, मळमळ कमी होईल, डोक्यावरची गुंगी उतरेल. हात चालणार नाही, हार्ट सुधारणार नाही. दर खेपेला चार तास मशीनवर, त्यात बीपी खाली जाऊ शकतं, पायात वांब येतात, घरी आल्यावर तो दिवस अंथरुणातच जातो. मानेतल्या नळीतून जंतू शिरू शकतात. नाही केलं तर काय, हेही सांगितलं. गोळ्या-इंजेक्शनांनी दम आणि खाज आटोक्यात ठेवता येते. आयुष्य किती हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, काहींना आठवडे मिळतात, काहींना महिने, कुणाला वर्षही. आजोबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मला समदं कळायलंय, पोरांस्नी सांगा.” शेवटी त्यांनीच तोड काढली. एक महिना मशीन करून बघू, नाही मानवलं तर सोडू.

महिनाभर गेले. दम खरंच कमी झाला. पण दर वेळी मशीनवर बीपी कोसळायचं, दुसरा दिवस ग्लानीत जायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून जीप. महिना भरल्यावर त्यांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. पोरांनी ऐकलं, कारण शब्द बापाचा होता आणि आधीच दिलेला होता. भावकीत कुणी काही बोललं तर सांगायला त्यांच्याकडे ती ओसरीतली बैठक होती.

त्यानंतरचे दिवस मात्र ज्या तऱ्हेने काढावे लागले, त्याची चीड माझ्या मनातून जात नाही. डायलिसिस चालू होतं तोवर योजना होती. ते थांबवलं त्या दिवशी योजनेच्या लेखी तो माणूस संपला. घरी येऊन बघणारी नर्स नाही. अशा दमावर फार थोड्या मात्रेत देतात ती औषधं आमच्या गावात मिळेनात. धाकटा मुलगा चिठ्ठी घेऊन दुसऱ्या शहरात वणवण फिरला. लघवीची नळी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, सगळं पदरमोड करून. मशीनवर चार तास झोपवायला सरकार पैसे देतं आणि शेवटचे दिवस सुखाने काढायला देत नाही, म्हटल्यावर ज्याच्या खिशात पैसा नाही असं घर कशाला हात घालेल? मशीनलाच. त्याला निवड म्हणता येणार नाही.

वैद्यकशास्त्राकडे यावर सांगण्यासारखं बरंच आहे. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांचा अभ्यास छापला. डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात त्यांतले ५८ टक्के दगावले होते. उठणं-बसणं, खाणं, अंघोळ यांत आधी जेवढं जमत होतं तेवढं वर्षानंतरही जमणारे उरले होते १३ टक्के. ती माणसं आधीच फार थकलेली होती आणि ती अमेरिकेतली होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे देगलूरला लावता येणार नाहीत. पण इंग्लंडमध्ये पंच्याहत्तरीपुढच्या रुग्णांवर झालेला २००७ चा अभ्यासही त्याच बाजूला बोट दाखवतो. एरवी डायलिसिसने आयुष्य वाढतं. सोबत बरेच मोठे आजार असतील, विशेषतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा, तर तो फायदा जवळजवळ उरत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. त्रास नसताना केवळ रिपोर्टवरच्या आकड्याला घाबरून लवकर डायलिसिस सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणजे हळूहळू वाढलेलं क्रिएटिनिन कागदावर दिसलं की त्याच रात्री धावायला हवं असं नाही. पोटॅशियम वाढलेलं नसेल, दम लागत नसेल, तर बहुतेक घरांना बोलायला वेळ असतो. तो वापरला जात नाही.

आकडे वाट दाखवतात, निर्णय मात्र आकड्यांवर सोडता येत नाही. जयप्रकाश नारायण यांचंच पाहा. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं; तिथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. वय ७३, सोबत मधुमेह. आजच्या कोष्टकात घातलं असतं तर एखादा डॉक्टर नको म्हणाला असता. जेपी ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले, जवळपास चार वर्षं, आणि त्या चार वर्षांत १९७७ ची निवडणूक झाली, देशातलं सरकार बदललं. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतलं होतं. त्यांना जगायचं होतं, काम उरलं होतं, आणि त्यासाठी आठवड्यातून कितीही वेळा सुई टोचून घ्यायची त्यांची तयारी होती.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी औषध नाकारलं, अन्न-पाणीही थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. जेपी हे विनोबांच्या भूदानात १९५४ साली जीवनदान केलेले सहकारी, एकाच वाटेवरचे दोघं. एकाने यंत्र घेतलं, दुसऱ्याने औषधही घेतलं नाही. महाराष्ट्राने दोघांपुढेही मान लववली. (अन्नत्याग हा वेगळा विषय आहे आणि तो मी इथे मांडत नाही.) दोघांनाही आपल्याला काय झालंय आणि पुढे काय होणार, हे माहीत होतं. ते विचारायला आणि सांगायला त्यांच्याभोवती मोठमोठे डॉक्टर होते. आमच्या ओसरीतल्या आजोबांनाही तेवढंच माहीत असण्याचा हक्क आहे, आणि तो माणूस प्रसिद्ध असण्यावर अवलंबून नसावा.

घरच्यांची भीती मला समजते. “पैशापायी बापाला सोडलं म्हणतील,” हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. बऱ्याचदा सगळं ठरत आलेलं असतं, आणि बीदरकडे दिलेली लेक शेवटच्या दिवशी येऊन दारातच विचारते, “मशीनवर का नाही घेतलं?” तिचंही चुकत नाही, तिला कुणी बोलावलंच नव्हतं. म्हणून अशा बैठकीत लेकी हव्यात. सुना हव्यात, कारण अंग पुसणं, पथ्याचं जेवण करणं, रात्री उठणं त्यांच्याच वाट्याला येतं आणि त्यांना विचारतं कोण? आणि सर्वांत आधी रुग्ण हवा. आमच्याकडे त्याला बाहेर बसवून ठरवण्याची रीत आहे, ‘घाबरतील’ म्हणतात. माझा अनुभव असा आहे की म्हातारी माणसं मरणाच्या बोलण्याने फारशी घाबरत नाहीत, मुलांवर बोजा होण्याने घाबरतात. ती भीती ओळखून, ‘बोजा नको म्हणून नाही म्हणताय का?’ असं त्यांना एकट्याने गाठून विचारावं लागतं. बोजाच्या भीतीने दिलेला नकार खरा मानायचा नसतो.

डॉक्टरांची भीतीही खरी आहे. ‘डायलिसिस करू नका’ म्हटलं आणि माणूस गेला, तर दवाखान्याच्या काचा फुटतील. ‘नांदेडला न्या’ अशी चिठ्ठी लिहिली की कुणी काही म्हणत नाही. कायद्याचं मात्र भय धरायचं कारण उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज खटल्यात सांगितलं, की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि समज शाबूत असलेला प्रौढ माणूस उपचार नाकारू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. शेजारच्या कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये हा निकाल अमलात आणायला शासकीय आदेश काढला. आमच्या तालुक्यात एका तलाठ्याला मी याबद्दल सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, “हे खरंच कायद्यात आहे?” आपल्या खात्याने याची दोन पानांची मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तिका काढून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठेवली, तर पोलिसांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचं काम हलकं होईल.

आता मशीनशिवायच्या काळजीबद्दल, कारण ‘काहीच करायचं नाही’ असा तिचा अर्थ लोक लावतात. तिच्यात करायला पुष्कळ आहे. पाणी काढणाऱ्या गोळ्या वजन बघून कमी-जास्त करायच्या, म्हणजे घरात वजनकाटा हवा. रक्त वाढवणारी इंजेक्शनं द्यायची. मीठ, लोणचं-पापड कमी करायचं. केळी, नारळपाणी, फळांचा रस बंद, कारण त्यातलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. (आजारी माणसाला शहाळं घेऊन जाण्याची आपली पद्धत किडनीच्या रुग्णाला महागात पडते, हे आशाताईंनी घरोघर सांगायला हवं.) गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या बंद, त्यांनी उरलीसुरली किडनीही जाते. रात्र-रात्र झोपू न देणाऱ्या खाजेवर गॅबापेंटिनची अगदी छोटी मात्रा चालते. दम आणि दुखणं यांवर अफूवर्गीय औषध, पण जपून. मॉर्फिन किडनी गेलेल्या अंगात साठत जातं, म्हणून फेंटानिलच्या पट्टीसारखी दुसरी औषधं बरी. ही औषधं ठेवणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी आहे. यादीतली ही सेवा त्या ओसरीपर्यंत पोचत नाही, एवढंच उरलंय, आणि तेच आपल्या हातात आहे.

महोदय, हे सगळं लिहिताना एका गोष्टीची मला सतत काळजी वाटते. माझं बोलणं कुणी खर्च वाचवायला वापरेल. ‘म्हाताऱ्यांना डायलिसिस नको असं देगलूरच्या डॉक्टरनेच म्हटलंय’, म्हणून वयाची अट लावली जाईल, एखादी समिती बसेल. १९६२ मध्ये अमेरिकेत सिएटलला अशी समिती होती. मशीन थोड्या, रुग्ण फार. म्हणून कोणाला डायलिसिस द्यायचं ते काही नागरिक बसून ठरवत. पंचेचाळिशीपुढचे आधीच बाद. उरलेल्यांचा पगार, शिक्षण, बायका-पोरं, चर्चला जाणं बघून निवड होई. हे वृत्तपत्रांत आलं तेव्हा अमेरिका हादरली, आणि १९७३ पासून त्यांनी जवळजवळ सर्वांनाच सरकारी पैशातून डायलिसिस दिलं. आपल्याकडे अशी समिती कागदावर नसली तरी अंतर तेच काम करतं. हाणेगावकडचा माणूस आठवड्यातून दोनदा नांदेडला जाऊ शकत नाही म्हणून ‘नको’ म्हणतो, आणि आपण त्याला रुग्णाची इच्छा म्हणून लिहून घेतो. डायलिसिस हाताशी असताना दिलेला नकार आणि हाताशी नसल्यामुळे दिलेला नकार यांची एकाच रकान्यात नोंद होता कामा नये.

म्हणून माझ्या दोन्ही मागण्या एकत्रच वाचाव्यात. मशीन तालुक्याच्या गावात हवी, आणि जिथे आहे तिथे ती पाणी, वीज, तंत्रज्ञ यांच्यासह रोज पूर्ण वेळ चालायला हवी. पोटात पाणी सोडून घरीच करायच्या डायलिसिसला केंद्राच्या कार्यक्रमात २०१९ पासून जागा आहे. ज्यांचं हार्ट मशीनचा झटका सोसत नाही, त्यांतल्या काहींना ते हळुवार डायलिसिस मानवतं. घरात हात धुवायला पाणी, एक स्वच्छ कोपरा आणि शिकायला तयार असलेलं एक माणूस लागतं. खेड्यात हे जमत नाही असं आधीच गृहीत धरू नये. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत याचं शिक्षण देणारी एकेक परिचारिका नेमली, तरी अख्ख्या परिसराला उपयोग होईल.

आणि त्याच वेळी योजनेच्या यादीत हा अर्धा तास घाला. ज्या रुग्णाला किडनीसोबत आणखी एक-दोन मोठे आजार आहेत आणि ज्याची तब्येत त्या रात्रीपुरती सावरलेली आहे, त्याच्या कायमच्या डायलिसिसला मंजुरी देण्याआधी त्याच्या भाषेत एक बैठक व्हावी. काय सांगितलं, कोण हजर होतं, रुग्ण काय म्हणाला, याची एका पानाची नोंद फाइलमध्ये लागावी, आणि त्या वेळेचे पैसे रुग्णालयाला मिळावेत. पैसे मिळाल्याशिवाय हे होणार नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करू. ‘महिनाभर करून बघू’ ही वाटही अधिकृत करा. अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ती २००० सालापासून आहे. तारीख आधी ठरवायची, काय बघायचं तेही आधी ठरवायचं. जेवण जातं का, अंगणात येऊन बसता येतं का, माणूस आपल्या माणसांत असतो का, हे बघून पुढचं ठरवायचं. मशीन न घेणाऱ्याला किंवा थांबवणाऱ्याला योजनेतून बाहेर काढू नका. त्याच्या नावावर घरभेटीचं, औषधांचं, गादी-नळीचं पॅकेज चालू राहू द्या, मरेपर्यंत.

या बैठकीत किती जणांनी डायलिसिस नाकारलं, यावरून कुठल्याही रुग्णालयाला शाबासकी किंवा नोटीस देऊ नका. तो आकडा मंत्रालयात मागवूही नका. मागवायचाच असेल तर किती जणांनी आपलं मत बदललं, याचा मागवा. कारण ओसरीवर शांतपणे ‘नको’ म्हणालेल्या माणसाला पंधरा दिवसांनी रात्री दम लागतो आणि तो म्हणतो, ‘न्या मला मशीनवर.’ तेव्हा त्याच्यासमोर कुणी जुना कागद धरू नये. नवीन फाइल, नवीन मंजुरी, उद्या या, हे काही नको. त्याला त्याच रात्री बेड मिळाला पाहिजे.

आपला नम्र,
देगलूर येथील एक डॉक्टर